कबड्डीपटूंनो, गुडघे सांभाळा!

दसरा-दिवाळी झाली की गावोगावच्या मंडळांना कबड्डीचे वेध लागतात. सुगी आटोपत आलेली असते, थंडी पडू लागलेली असते, आणि चौकाचौकांत प्रकाशझोतातील सामन्यांचे फलक झळकू लागतात. पहिले बक्षीस कोणाकडून, दुसरे कोणाकडून, चषक कोणाच्या स्मरणार्थ, हे सारे फलकावर ठळक अक्षरांत असते. नेमक्या याच दिवसांत अस्थिरोगतज्ज्ञांच्या आणि आमच्यासारख्या फिजिओथेरपी करणाऱ्यांच्या दवाखान्यांत सुजलेला गुडघा घेऊन लंगडत येणाऱ्या तरुणांची संख्याही वाढू लागते. त्यांचा उल्लेख मात्र कोणत्याच फलकावर नसतो.

"खेळ म्हटला की लागायचेच," असे म्हणून आपण या दुखापतींकडे पाहतो. माझे मत याच्या उलट आहे. कबड्डीतल्या सगळ्या दुखापती टळणार नाहीत, हे खरे. पण बऱ्याचशा टाळता येतात. त्यासाठी मोठा खर्चही लागत नाही. लागतात ती आठवड्यातून तीन वेळा वीस मिनिटे आणि प्रशिक्षकाचा आग्रह.

हा प्रश्न नुसता खेळाचा नाही. आपल्याकडे कबड्डी खेळणारी बहुतेक मुले-मुली शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या घरची. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, बँका यांचे संघ आहेत. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून खेळात पैसाही आला. घरचे लोक दूध-तूप पोटाला चिमटा काढून पुरवतात ते याच आशेवर. ऐन विशीत गुडघा गेला तर खेळ जातो, भरतीची धाव जाते, आणि पुढे ओझे उचलण्याचे कामही जड जाते.

गुडघा 'फिरतो' म्हणजे काय?

गुडघ्याच्या आत दोन मजबूत अस्थिबंध एकमेकांना फुलीसारखे ओलांडून गेलेले असतात. त्यांतल्या पुढच्या अस्थिबंधाला डॉक्टर मंडळी 'एसीएल' म्हणतात. मांडीखाली नडगीचे हाड पुढे सरकू नये, वेडेवाकडे फिरू नये, हे त्याचे काम. आता चढाईपटूची हालचाल डोळ्यांसमोर आणा. तो निदानरेषा ओलांडून आत जातो, स्पर्श करतो आणि मध्यरेषेकडे वळतो. एक पाय जमिनीत रोवलेला असतो, धड वळलेले असते, आणि त्याच क्षणी कोपरारक्षक घोटा धरतो किंवा बाजूने धडक बसते. पाऊल जागेवर, शरीर फिरलेले, आणि मधला गुडघा आत झुकलेला. 'कट्' असा आवाज होतो तो तिथे. पुष्कळदा कोणी हातही लावलेला नसतो. नुसत्या वळण्यात किंवा उडी मारून चुकीचे उतरण्यात अस्थिबंध तुटतो.

त्याच्या जोडीला घोटा मुरगळणे, मांडीच्या मागचा स्नायू ताणणे, साखळीत हात अडकून खांदा निखळणे, बोटे मोडणे, डोक्याला डोके आपटणे या नेहमीच्या दुखापती आहेतच.

'आमच्या वेळी असले काही नव्हते'

हे वाक्य मी जुन्या खेळाडूंकडून अनेकदा ऐकतो. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली अशी, की ज्यांचे गुडघे त्या काळी गेले ते खेळ सोडून घरी बसले. सत्काराच्या व्यासपीठावर दिसतात ते टिकलेले. दुसरी अशी, की खेळ बदलला आहे. पूर्वी दम टिकेल तोवर चढाई चाले, आता ३० सेकंदांत परतायचे असते. अनेक स्पर्धांत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो. म्हणजे वेग वाढला, आडदांडपणाही वाढला. मातीवर अनवाणी खेळताना पाऊल थोडे घसरते आणि गुडघ्यावरचा पीळ कमी होतो. मॅटवर बूट घालून पाऊल घट्ट धरून राहते. आपली मुले वर्षभर मातीवर सराव करतात आणि जिल्ह्याच्या, राज्याच्या सामन्यांत एकदम मॅटवर उतरतात. सवय नसलेल्या पृष्ठभागावर सवय नसलेला झटका बसतो.

शिवाय त्या पिढीचे अंग शेतातल्या कामाने, पायी चालण्याने आधीच घडलेले असे. आजचा मुलगा दुचाकीवरून कॉलेजात जातो, चार महिने पावसाळ्यात बसून काढतो आणि स्पर्धा लागली की एका रात्रीत तीन सामने खेळतो. मंडळाचा मान राखायचा असतो ना! थकलेला स्नायू गुडघ्याला आधार देत नाही, ही साधी गोष्ट आपण विसरतो.

जोर-बैठका हव्यात, पण तेवढ्या पुरत नाहीत

जोर, बैठका, सूर्यनमस्कार हा आपला ठेवा आहे आणि तो सोडू नये. पण बैठक दोन्ही पायांवर, सरळ रेषेत आणि एका लयीत होते. कबड्डीतली दुखापत एका पायावर, वळताना आणि झटक्यात होते. म्हणून ज्या प्रसंगात शरीर अडचणीत येते, त्या प्रसंगाचाच सराव त्याला द्यायला हवा. पुढील क्रम कोणत्याही मैदानावर, कसल्याही साधनाशिवाय करता येतो.

१) पाच मिनिटे धावणे. सरळ, उलटे, दोन्ही बाजूंना सरकत, आणि शेवटी वेग थोडा वाढवून. अंगाला घाम येऊ लागला पाहिजे.

२) तोल. एका पायावर, गुडघा किंचित वाकवून ३० सेकंद उभे राहा. जमू लागले की जोडीदाराने खांद्याला हलके धक्के द्यावेत. दोन्ही पायांवर दोन-दोन वेळा.

३) उडी आणि उतरणे. जागेवर उडी मारा आणि चवड्यावर, गुडघे व कंबर वाकवून अलगद उतरा. उतरताना आवाज होता कामा नये. गुडघा पावलाच्या बोटांच्या रेषेत राहिला पाहिजे, आत झुकता कामा नये. आधी दोन पायांवर, मग एका पायावर, मग बाजूला. प्रशिक्षकाने समोर उभे राहून प्रत्येकाचा गुडघा पाहावा. सगळ्या क्रमातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

४) मांडीचा मागचा भाग. गुडघ्यांवर उभे राहा, जोडीदाराने मागून घोटे घट्ट धरावेत. पाठ-कंबर सरळ ठेवून जमेल तितके हळू पुढे झुकत जा आणि तोल सुटेल तिथे हात टेकून उतरा. सुरुवातीला तीन ते पाच वेळा पुरे. पहिले काही दिवस मांड्या दुखतील, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी सुरुवात करू नये. हा व्यायाम नेमाने केल्यास त्या स्नायूच्या दुखापती सुमारे निम्म्याने घटतात, असे निरनिराळ्या खेळांतल्या अभ्यासांतून दिसले आहे.

५) पोट, कंबर, खांदे. कोपरांवर आणि चवड्यांवर शरीर फळीसारखे सरळ धरून ३० सेकंद, मग एका कोपरावर कुशीवर तसेच. त्याला जोरांची जोड द्या.

६) वळणे. पाच-सहा पावले वेगाने धावा, गुडघे वाकवून कमी उंचीवर या आणि दिशा बदला. एकाच लांब पावलावर गरकन न वळता दोन-तीन छोट्या पावलांत वळण्याची सवय लावा.

एवढे सगळे वीस मिनिटांत होते. आठवड्यातून तीन वेळा सरावाआधी करावे. सामन्याच्या दिवशी धावणे, उड्या व वळणे पुरेत.

याचा उपयोग होतो याला पुरावा आहे. नॉर्वेमध्ये हँडबॉल खेळणाऱ्या १२० क्लबांतील १,८३७ मुला-मुलींवर झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. हँडबॉलमध्येही कबड्डीसारखेच धावणे, उडी, वळणे आणि धक्के असतात. ज्या क्लबांनी अशा प्रकारची व्यायामाची तयारी नेमाने केली, त्यांच्यातील गुडघा व घोट्याच्या दुखापती जवळजवळ निम्म्या झाल्या. फुटबॉलमध्येही असाच अनुभव आला. हा लाभ नेमाने करणाऱ्यांनाच होतो, आठ दिवस करून सोडून देणाऱ्यांना नाही.

मुलींकडे अधिक लक्ष द्या

धावण्या-उडण्याच्या खेळांत मुलींचा हा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलांच्या दुप्पट-तिप्पट असते, हे अनेक देशांत आढळले आहे. याचा अर्थ मुलींनी खेळू नये असा कोणी काढला तर तो अन्याय होईल. उतरताना गुडघा आत झुकण्याची सवय आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे कमी बळ ही यातली मोठी कारणे सरावाने सुधारता येतात. म्हणून वरील क्रम मुलींच्या संघाने वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासूनच सुरू करावा. दुसरे असे, की २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. रक्त कमी असलेली मुलगी लवकर थकते, आणि थकलेल्या पायाला तोल सावरत नाही. मुलीच्या हिमोग्लोबिनची तपासणी करून घेणे हाही तिच्या तयारीचाच भाग समजावा. वजनी गटात बसण्यासाठी दोन दिवस उपाशी राहणे, पाणी तोडणे हे तर मुलांनी करू नये आणि मुलींनीही करू नये.

दुखापत झालीच तर

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या कितीतरी खेळाडूंची हकिगत एकसारखी आहे. गुडघ्यात आवाज झाला, रात्रीत सूज आली, एक्स-रे काढला, "हाड ठीक आहे" असे कळले. मग तेल लावून चोळले, कोणी पाय ओढून पाहिला. तीन आठवड्यांनी सूज उतरली म्हणून मैदानात उतरला, आणि दुसऱ्याच चढाईत गुडघा पुन्हा निसटला. या खेपेस आतली गादीही फाटली. पहिल्या दुखापतीत जे एका अस्थिबंधावर भागले असते, ते आता दोन ठिकाणी गेले.

म्हणून हे पक्के ध्यानात ठेवा. एक्स-रेमध्ये हाड दिसते, अस्थिबंध दिसत नाही. आवाज झाला, दोन-तीन तासांत गुडघा सुजला, पाय टेकवेना किंवा गुडघा निसटल्यासारखा वाटला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर खेळ थांबवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे लावा, पट्टी बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. चोळणे, शेकणे, ओढणे नको. वेदनाशामक इंजेक्शन घेऊन अंतिम सामना खेळणे तर मुळीच नको. दुखणे हा शरीराचा निरोप असतो, इंजेक्शनने तेवढा निरोप बंद होतो, जखम तशीच राहते. डोक्याला मार लागून घेरी आली, उलटी झाली, समोरचे धूसर दिसले किंवा काही आठवेनासे झाले, तर त्या खेळाडूला त्या दिवशी पुन्हा मैदानात पाठवू नये आणि लगेच दवाखान्यात न्यावे.

अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाली असेल तर किमान नऊ महिने स्पर्धेची घाई करू नका. त्याआधी परतणाऱ्यांत गुडघा पुन्हा जाण्याचे प्रमाण बरेच जास्त असते. आणि नऊ महिने झाले एवढ्यावरही भागत नाही. दोन्ही पायांचे बळ जवळपास सारखे झाले आहे का, हे तपासून घ्यावे लागते.

मंडळांना चार शब्द

आपल्या मंडळांचा उत्साह मोठा आहे, म्हणूनच अपेक्षा करावीशी वाटते. एका संघाचे एका रात्रीत दोनांपेक्षा अधिक सामने ठेवू नका, एक दिवस वाढला तरी चालेल. प्रत्येक सामन्यापूर्वी दोन्ही संघांना अंग गरम करण्यासाठी पंधरा मिनिटे आणि मोकळी जागा द्या. पाहुण्यांच्या स्वागतात ती वेळ खाऊ नका. मैदानाच्या कडेला बांबू, खुर्च्या, ध्वनिक्षेपकाचे खांब नकोत. पंचांच्या टेबलाखाली बर्फाची पेटी, पट्ट्या आणि दवाखान्यात नेण्यासाठी एक वाहन तयार असू द्या. बक्षिसाच्या रकमेतून थोडी बाजूला काढून खेळाडूंचा अपघात विमा उतरवा.

आणि प्रशिक्षकांनो, हंगामाच्या सहा ते आठ आठवडे आधी, म्हणजे गणपती उठले की, तयारीला लागा. व्यायाम टाळणारा खेळाडू कितीही चपळ असला तरी त्याला पहिल्या सात जणांत घेऊ नका. एका हंगामात दोघा-तिघांना असे बाहेर बसवले की बाकीचे आपोआप वेळेवर मैदानात येतील. यंदाच्या स्पर्धेत आपले मंडळ जिंकेल की हरेल, हे कोणी सांगू शकत नाही. पण स्पर्धा संपल्यावर सगळे खेळाडू स्वतःच्या पायांनी घरी जातील, यासाठी झटणे मात्र आपल्या हाती आहे.