मावशीचे पंधराशे रुपये

उदगीरच्या एक भगिनी लिहितात, गावी एकटी राहणाऱ्या मावशीचे श्रावणबाळ योजनेचे १,५०० रुपये थांबलेत. ताई, बँकेत भांडण्याआधी मावशीच्या ट्रंकेतला उत्पन्नाचा दाखला काढून बघा. एका वर्षाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, अन् ते कुणाच्या ध्यानातच राहत नाही! कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५०. (एवढ्यात किराणा तरी भागतो का?) तरीही दलालाला भलताच आकडा लिहू देऊ नका, अर्जावर अंगठा मावशीचा असतो. तलाठ्याचा अहवाल घेऊन सेतू केंद्रातून नवा दाखला काढा, हयातीच्या दाखल्यासोबत तहसीलमध्ये द्या. खातं आधारला जोडलंय ना, तेही बघा. अन् पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.