निरोगी ॲशवर कुऱ्हाड चालवू नका

आयर्लंडमधल्या मराठी मंडळींना कळकळीची विनंती आहे. तुमच्या परसातल्या कुंपणात किंवा मुलांच्या शाळेच्या वाटेवर ॲशचं झाड असेल, तर ते याच जुलै-ऑगस्टमध्ये नीट पाहा. 'रोगाने नाहीतरी मरणारच' म्हणून सरसकट तोडू नका.

2012 च्या ऑक्टोबरमध्ये लीट्रिम परगण्यात, युरोपातून आणून लावलेल्या रोपांवर एक बुरशी सापडली. ती मूळची पूर्व आशियातली. तिथल्या ॲशच्या जाती तिला पुरून उरतात, इथला ॲश मात्र तिच्यापुढे टिकत नाही. गळून पडलेल्या जुन्या पानांच्या देठांवर उन्हाळ्यात तिच्या इवल्या पांढऱ्या छत्र्या उगवतात. बीजाणू वाऱ्यावर पसरतात, पानं काळवंडून लोंबतात, बुरशी फांदीत उतरते आणि शेंडा वठतो. आज हा रोग देशभर आहे आणि बहुतेक ॲश त्यात जाणार आहेत.

ॲशची सावली विरळ असते, म्हणून वसंतात त्याच्या तळाशी ब्लूबेल आणि रानलसूण फुलते. पानं लवकर कुजून माती सकस होते. सालीवर दगडफुलाच्या कितीतरी जाती वाढतात. त्याच्या जागी सिकामोर आणि बीच माजले की खाली दाट अंधार होतो, आणि बीचची पानं तर कुजता कुजत नाहीत. रस्त्यावरून जाणाऱ्याला रान हिरवंच दिसेल, पण त्यात ॲशच्या आधाराने जगणारं बरंच काही उरलेलं नसेल. 1980 च्या आसपास इथला एल्म असाच गेला.

आपली मुलं ज्या हर्ली नावाच्या काठीने खेळतात ती ॲशच्या अगदी तळच्या बुंध्यातून काढतात. खोड मुळाकडे वळतं तिथे लाकडाचे धागेही वळतात, म्हणून पातं सहसा तुटत नाही. आता हे लाकूड बाहेरून आणावं लागतं आणि बांबूच्याही हर्ली आल्या आहेत.

तरीही रोगट झाडांच्या गर्दीत एखादं झाड भरगच्च हिरवं राहतं. उद्याच्या ॲशची सारी आशा त्याच्यावरच आहे. अशा झाडांची कलमं करून 'चॅगस्क' ही राष्ट्रीय कृषी संस्था रोगाला दाद न देणारी जात तयार करते आहे. असं झाड दिसलं तर फोटो काढा, जागा टिपा आणि चॅगस्कला कळवा.

रस्त्याकडेचं वठलेलं झाड मात्र धोक्याचं असतं. त्याचं लाकूड ठिसूळ होतं, तेव्हा स्वतः चढू नका, जाणकार माणूस बोलवा. पाडण्याआधी परवाना लागतो का तेही विचारून घ्या. त्या जागी ओक, हेझल किंवा रोवन लावा, पण इथल्याच बियांपासून वाढवलेलं रोप घ्या.

आणि भारतातून येताना बॅगेत कढीपत्त्याचं रोप मातीसकट घालून आणू नका. ॲशचा हा रोगही रोपांबरोबरच आला होता.

ॲश पाहायचा तो ऑगस्ट संपायच्या आत. त्याला पालवी उशिरा फुटते आणि पानगळही लवकर होते, त्यामुळे मे महिन्यात किंवा ऑक्टोबरात धडधाकट झाडही मेल्यासारखं दिसतं.