अंडाशय म्हणजे अडगळ नव्हे

"पाळी तर गेलीच आहे, पिशवीबरोबर ओव्हरीजही काढून टाकू. उगाच कॅन्सरची भीती कशाला?" हे वाक्य मी दवाखान्यांत इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकताच डोक्यात तिडीक जाते. डॉक्टर बोलतात, नवरा मान डोलावतो आणि बाई फॉर्मवर सही करते. काय काढणार, का काढणार, हे तिला कुणी सांगत नाही.

पाळी चालू असते तेव्हा अंडाशयात दोन प्रकारच्या पेशी मिळून काम करतात. बीजपुटिकेच्या बाहेरच्या थरातल्या पेशी कोलेस्टेरॉलपासून अँड्रोजेन बनवतात. आतल्या पेशी त्याचं इस्ट्रोजेन करतात. पुटिका संपल्या की या आतल्या पेशीही जातात आणि इस्ट्रोजेन जवळजवळ थांबतं. एवढंच लक्षात ठेवून आमच्या डॉक्टरांनी अंडाशय मेल्याचं जाहीर केलं. पण त्याचा गाभा जिवंत असतो. तो पाळी गेल्यावरही टेस्टोस्टेरॉन आणि अँड्रोस्टेनेडिओन ही अँड्रोजेन बनवत राहतो. १९७४ साली अमेरिकेत हॉवर्ड जड आणि सहकाऱ्यांनी पाळी गेलेल्या बायकांच्या थेट अंडाशयाच्या शिरेतलं रक्त तपासलं. त्यात टेस्टोस्टेरॉन इतर शिरांतल्या रक्ताच्या सुमारे १५ पट निघालं. अँड्रोजेनचा काही भाग पुढे चरबीत इस्ट्रोजेन होतो. या उत्पादनाचा एकूण वाटा किती, यावर संशोधकांत मतभेद आहेत. मतभेद म्हणजे कापण्याचा परवाना नव्हे.

कॅन्सरची भीती घालणाऱ्यांनी अमेरिकेतल्या परिचारिकांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचावा. २९ हजारांहून अधिक बायका, २४ वर्षांचा पाठपुरावा. दोन्ही अंडाशयं काढलेल्यांत अंडाशयाचा आणि स्तनाचा कॅन्सर कमी झाला, हे खरं. पण हृदयविकार वाढला, एकूण मृत्यू वाढले, आणि कोणत्याही वयात काढून आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकदोष असलेल्या बाईची गोष्ट वेगळी. तिथे काढणं रास्त आहे. त्या अपवादाच्या आडून सगळ्यांवर सुरी चालवणं हा गुन्हा आहे.

आणि पाळी जायच्या आधीच अंडाशयं काढली, तर इस्ट्रोजेन एका दिवसात तुटतं. हाडं, हृदय, झोप, सगळ्यावर घाव. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या कमी वयातच काढल्या गेल्या, हे २०१९ साली सरकारी पाहणीतूनच उघड झालं: ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक. शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना मी विचारते, "ओव्हरीज ठेवल्यात का?" त्या गोंधळून बघतात. कागदावर काय लिहिलंय ते त्यांना कुणी वाचून दाखवलेलं नसतं.

बायांनो, सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा: ओव्हरीज का काढताय, ठेवल्या तर काय बिघडेल? उत्तर लेखी मागा. ते देत नसतील, तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा.