हत्तीला चिंच

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात, सेंट फिलोमिना चर्चपासून हाकेच्या अंतरावर, एका मराठी घरात परवा आम्हाला टिपूचा पैसा दाखवण्यात आला. ‘कसा नवा कोरा दिसतोय, नाही?’ काकूंनी कौतुकाने विचारले. दिसत होता खरा. रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवून सकाळी रांगोळीने घासला होता. हत्ती लखलखत होता. त्याच्या पाठीवरचे अक्षर तेवढे गेले होते.

ते अक्षर म्हणजे नक्षी नव्हे. टिपूने स्वतःचा मौलुदी सन सुरू केला, त्याचे आकडे उजवीकडून डावीकडे लिहिले आणि अखेरच्या वर्षांत तांब्याच्या नाण्यांवर हत्तीच्या वर अलिफ, बे, ते अशी अक्षरे ओळीने घातली. एक अक्षर, एक वर्ष. १५-१६ किलोमीटरवरच्या श्रीरंगपट्टणात उमटवलेली ही खूण सव्वादोनशे वर्षे टिकली आणि एका रात्रीत मोरीतून वाहून गेली.

चिंचेतले टार्टरिक आम्ल काय किंवा लिंबातले सायट्रिक काय, मळ आणि नाणे असा भेद करत नाही. नाण्यावरचा तपकिरी-काळा थर हे रूप बदललेले तांबेच असते. तो विरघळला की अक्षरांची कातडी सोलली जाते. उरलेले काम रांगोळी करते. वर येणारा गुलाबी झगझगीत रंग जाणकार दहा हातांवरून ओळखतो आणि किंमत निम्म्यावर आणतो. आपल्याकडच्या देवघरांतल्या शिवराया आठवा. दर दिवाळीला भांड्यांबरोबर त्याही घासल्या. आता ‘श्री राजा शिव’मधला ‘श्री’ चाचपून घ्यावा लागतो.

मग नाणे धुवायचेच नाही का? धुवा, पण धातूशी भांडण न करता. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत घाला, दोन दिवस, चार दिवस. पाणी गढूळले की बदला. नळाचे पाणी नको, त्यातला क्लोरीन तांब्याला सोसत नाही. तेलकटपणा, चिकटपट्टीचा डिंक किंवा अल्बमच्या मऊ प्लॅस्टिकच्या खिशांतून सुटलेला हिरवा चिकटा असेल तर शुद्ध ॲसिटोन. ते धातूला हात लावत नाही, वरची घाण तेवढी उचलते. नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे ॲसिटोन नव्हे. त्यात रंग, सुगंध, तेल, काय काय असते. भांडे काचेचे घ्या, खिडकी उघडी ठेवा आणि शेजारी गॅस पेटलेला नको, कारण ॲसिटोनची वाफ क्षणात पेट घेते. नाणे कडेला धरून बाहेर काढा आणि आपोआप वाळू द्या. पुसायचा मोह आवरणे हेच यातले अवघड काम.

फिकट हिरवी पूड मात्र पुन्हा पुन्हा येत असेल तर घरगुती प्रयोग थांबवा. तो तांब्यात शिरलेल्या क्लोराइडचा रोग आहे. त्याला पाणीही पुरत नाही आणि ॲसिटोनही. तशी नाणी बाकीच्यांपासून वेगळी, कोरड्या डबीत ठेवावीत आणि जाणकाराला दाखवावीत. लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळेची एक शाखा म्हैसुरातच आहे, पण या गावात चिंच अजून जास्त जवळची.

काकूंना हे सगळे पटलेले दिसले नाही. ‘मग लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये काळेच मांडायचे का?’ आम्ही तडजोड सुचवली: पंचम जॉर्जचे दोन रुपये पूजेला काढा, त्यांना हवे ते लावा, बाकीच्या डब्याला हात लावू नका. काकूंनी डबा उपडा केला, बराच वेळ निवडानिवड केली आणि जे दोन बाजूला काढले, ते आधीच घासून गुळगुळीत झालेले होते.