अर्ध्या सेकंदाचा पुरावा

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्याने एका दोषाची नोंद जाहीर केली आणि जगभरच्या लिनक्स सर्व्हरांवर येऊ घातलेले संकट वेळेत टळले. फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला आहेत, त्यांचे काम पोस्टग्रेस डेटाबेसवरचे. आपण सुरक्षातज्ज्ञ नाही, हे त्यांनी त्या नोंदीतच लिहून टाकले होते. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या अस्थिर आवृत्तीवर काही मोजमापे घेताना त्यांना दिसले, की दूरच्या संगणकात शिरण्यासाठीच्या एसएसएचच्या लॉगिनला जिथे ०.३ सेकंद लागायचे, तिथे आता ०.८ सेकंद लागताहेत. एवढ्याशा फरकाकडे कोणीही काणाडोळा केला असता. ते मात्र मागे लागले आणि शोध घेत एक्सझेड या, फाइली आवळून लहान करणाऱ्या, कोणाच्या लक्षातही नसणाऱ्या साधनापर्यंत पोचले. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवलेला होता.

हा चोर बाहेरून भिंत फोडून आला नव्हता. ‘जिया टॅन’ असे नाव लावलेल्या खात्यावरून २०२१च्या अखेरीपासून या प्रकल्पाला दुरुस्त्या येत होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच उपयोगीही होत्या. मूळ कर्ते लासे कोलिन हे काम बिनपगारी, जवळजवळ एकट्याने ओढत होते. आणखी काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे लकडा लावला, की कामाला वेग नाही, दुसऱ्या कोणाला तरी हाती घेऊ द्या. शेवटी आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकार त्या खात्याकडे गेला. लिहिलेल्या कोडच्या हिशेबाने पाहिले, तर जिया टॅन हा आदर्श योगदानकर्ता ठरतो आणि फ्रॉइंड यांच्या नावावर एक तक्रार एवढेच उरते. ओपन सोर्सच्या, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरच्या, योगदानाचा आपण मांडलेला हिशेब किती उलटा आहे, हे इथे दिसते. कोड देणारा माणूस स्वीकारणाऱ्याकडून थोडा तरी विश्वास मागत असतो, कारण प्रत्येक ओळ तपासायला कोणाकडे वेळ नसतो. चांगल्या दोषनोंदीला असा विश्वास लागत नाही. ती कोणी लिहिली, त्याची पदवी काय, तो कुठल्या कंपनीत आहे, हे सगळे गैरलागू असते. दिलेल्या पायऱ्या आपल्या संगणकावर करून पाहिल्या की खरेखोटे कळते.

आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत मात्र ‘ओपन सोर्समध्ये योगदान’ म्हणजे पुल रिक्वेस्टची (आपला बदल प्रकल्पात घ्यावा, या विनंत्यांची) संख्या, असे समीकरण घट्ट बसले आहे. बायोडेटात लिहायला ती सोयीची पडते. २०२० साली ‘हॅक्टोबरफेस्ट’ या ऑक्टोबरभर चालणाऱ्या उपक्रमात चार पुल रिक्वेस्टमागे टी-शर्ट मिळत होता, त्यापायी जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा असा पाऊस पडला, की आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलून, संमती देणाऱ्या प्रकल्पांपुरताच हा उपक्रम ठेवावा लागला. २०२४च्या सुरुवातीला वेब-सर्व्हर लिहिण्यासाठीच्या ‘एक्सप्रेस’ या प्रकल्पाच्या माहितीपत्रकात स्वतःचे नाव घुसवणाऱ्या पुल रिक्वेस्टची रांग लागली. यूट्यूबवरच्या एका भारतीय शिकवणीतले प्रात्यक्षिक विद्यार्थ्यांनी जसेच्या तसे गिरवले होते. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. मोजायला जे सोपे, तेच त्यांना मोलाचे म्हणून शिकवले गेले.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की चूक दाखवणे सोपे असते, दुरुस्त करणाराच खरा कामाचा. २०१४ सालचे ‘हार्टब्लीड’ प्रकरण याला चांगले उत्तर आहे. इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतला तो दोष बाहेरून आलेल्या, चांगल्या हेतूने लिहिलेल्या कोडबरोबर शिरला आणि मार्च २०१२च्या आवृत्तीतून जगभर पोचला. दुरुस्ती म्हणाल तर मोजक्या ओळींची होती: मागितलेली लांबी खरोखर आलेल्या मजकुराएवढी आहे ना, एवढे तपासायचे. पण तिथे बोट ठेवायला दोन वर्षे गेली. त्या काळात कोड सगळ्यांना खुला होता. खुला असणे आणि कोणीतरी खरोखर पाहणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर नोंद करणारी माणसेच भरून काढतात.

अर्थात कुठलीही तक्रार म्हणजे नोंद नव्हे. ‘चालत नाही’ एवढेच लिहिणाऱ्याने दुसऱ्याचा वेळ घेतला, दिले काहीच नाही. ‘पुट्टी’ या प्रोग्रॅमचे कर्ते सायमन टॅथम यांनी १९९९मध्येच या विषयावर निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की प्रोग्रॅम बिघडताना कर्त्याला स्वतःला दिसेल अशी व्यवस्था करा. कारणांचे तर्क लढवण्याआधी काय केले, काय घडले ते जसेच्या तसे सांगा. फ्रॉइंड यांची नोंद या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. कुठल्या आवृत्त्या, कुठल्या प्रकारच्या संगणकावर, आधीची आणि नंतरची वेळ किती, घातक भागाचा कुठला तुकडा प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात आहे पण मूळ कोडच्या भांडारात नाही, हे सगळे त्यात आहे. आणि जिथे त्यांची खात्री नव्हती, तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे. हा शेवटचा गुण सर्वांत दुर्मीळ. इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या ‘कर्ल’ या साधनाचे स्वीडिश कर्ते डॅनिएल स्टेनबर्ग यांनी २०१९पासून सुरक्षादोष दाखवणाऱ्यांसाठी बक्षीस ठेवले होते. मग कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या, ऐटबाज भाषेतल्या पण पोकळ नोंदी येऊ लागल्या आणि अखेर ती योजनाच गुंडाळावी लागली. म्हणजे नोंदींचीही नुसती संख्या मोजू लागलो, तर पुल रिक्वेस्टचे झाले तेच त्यांचे होईल.

मराठी वाचकाचा या सगळ्याशी संबंध आपल्या लिपीतूनच येतो. राज्य शासनाने २००९च्या शासननिर्णयाने प्रमाण वर्णमाला ठरवली, त्यात ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे आहेत. तरी पडद्यावर अनेकदा हिंदी वळणाचीच अक्षरे उमटतात. आपण फाँटला नावे ठेवून मोकळे होतो. पण पुष्कळ फाँटांत मराठी वळणे असतातच. मजकुराची भाषा मराठी आहे हे प्रोग्रॅमने फाँटला कळवले, तरच ती बाहेर येतात. दोष नेमका कुणाचा, हे शोधून योग्य दारी पोचवणे हेच निम्मे काम. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक जिथे मोडतो, तिथेही तसेच. अक्षरे जुळवणारी ‘हार्फबझ’ ही लायब्ररी फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांच्या पोटात आहे. तिथला दोष एकदा सुधारला, तर सगळीकडे सुधारतो. पण बर्लिन किंवा कॅलिफोर्नियात बसलेल्या प्रोग्रॅमरला हा दोष दिसणार कसा? तो दिसतो मुद्रितशोधकाला, शाळेतल्या शिक्षकाला, तलाठी कार्यालयातल्या कारकुनाला. कोड न येणाऱ्या माणसाकडे इथे असे ज्ञान आहे, जे कोड येणाऱ्याकडे नाही. केरळात ‘स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग’च्या स्वयंसेवकांनी आपल्या लिपीसाठी फाँटपासून दोष निस्तरण्यापर्यंतचे काम या शतकाच्या सुरुवातीपासून चिकाटीने केले आहे. मराठीत व्यक्ती आहेत, अशी घट्ट फळी नाही.

बड्या कंपन्या या सॉफ्टवेअरवर गबर होतात, त्यांच्यासाठी आम्ही फुकट का राबावे, हा प्रश्न चुकीचा नाही. हार्टब्लीडच्या वेळी ओपनएसएसएलला देणग्यांतून वर्षाला सुमारे २००० डॉलर मिळत होते, ही त्या कंपन्यांना लाज वाटावी अशी गोष्ट होती. कोलिन यांच्यासारख्यांना पगार मिळायला हवा, आणि जर्मनीने सार्वजनिक पैशातून अशा प्रकल्पांना मदत देण्याची सोय २०२२मध्ये केलीही. पण मराठी अक्षरे नीट उमटणे हा आपला स्वतःचा स्वार्थ आहे. त्यात कंपनीचा फायदा झाला म्हणून आपला तोटा होत नाही. नोंदी वर्षानुवर्षे अनुत्तरित पडून राहतात, हेही खरे. नोंद जितकी नेमकी, तितकी तिला हात घालणे सोपे, यापलीकडे हमी कोणी देऊ शकत नाही. इंग्रजीची अडचणही खरी, पण ती वाटून घेता येते: दोष टिपणारा मराठीचा शिक्षक आणि तो इंग्रजीत मांडून संगणकावर पुन्हा घडवून दाखवणारा विद्यार्थी, अशी जोडी कुठल्याही तालुक्याच्या महाविद्यालयात जमू शकते. विद्यापीठांनी प्रकल्पाच्या गुणांत अशा एका, इतरांनी पडताळून मान्य केलेल्या नोंदीला जागा द्यावी. आणि सरकारी कार्यालयांत मुक्त सॉफ्टवेअर बसवण्याचे कंत्राट देताना, तिथे आढळलेले दोष मूळ प्रकल्पाकडे नोंदवण्याची अट निविदेतच घालावी.