वसतिगृहाच्या ताटातील नाचणी आणि वाल

निवासी शाळेत विद्यार्थ्याच्या बुद्धीबरोबर त्याचे शरीरही घडत असते. म्हणूनच पनवेल परिसरातील नाचणी, कडवे वाल आणि पावसाळी रानभाज्या वसतिगृहाच्या ताटात नेमाने असाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात. त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात. धान्य, कडधान्ये व भाज्यांतील जो तंतुमय भाग आपल्याला पचत नाही, तेच त्यांचे अन्न. तो आंबवून ते जी आम्ले तयार करतात, त्यांपैकी ब्युटिरेटवर मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी पोसल्या जातात. नाचणीच्या तांबूस आवरणातील पॉलिफिनॉल द्रव्यांचा बराच भागही मोठ्या आतड्यापर्यंत तसाच पोहोचतो. जिवाणूंनी त्याचे लहान घटक केल्यावरच तो शरीराला उपयोगी पडतो. मैद्याच्या बिस्किटांतून या जिवाणूंच्या वाट्याला फारच थोडे येते.

वनस्पती अशी द्रव्ये मुख्यतः स्वसंरक्षणासाठी तयार करतात. म्हणून रानातले सगळेच निर्धोक नसते. शेवळं नुसतीच शिजवली, तर घसा खाजतो. ती आंबट काकडं घालूनच करावी लागतात. हे ज्ञान पावसाळ्यात बाजारात रानभाज्या आणणाऱ्या कातकरी व ठाकूर भगिनींकडे आहे. त्यांच्याकडून ते आदराने शिकून घ्यावे.

"आजोबांनी नाइलाजाने खाल्लेली नाचणी आमच्या मुलांनी का खावी?" असे काही पालक विचारतील. प्रश्न रास्त आहे. उपासमारीचे उदात्तीकरण कोणीही करू नये. अंडी, दूध, डाळ व फळे यांवर प्रत्येक मुलाचा हक्क आहे. नाचणी त्यांच्या जागी नव्हे, जोडीला हवी. तसेच ती औषधही नव्हे. आजारी मुलाला डॉक्टरांकडेच न्यावे. परंतु गरिबीने लादलेले ताट नाकारताना त्यातील सकस अन्नही हीन मानून टाकून देणे, हा आपलाच तोटा आहे. जे पूर्वी लादले गेले, ते आज आपण समजून-उमजून निवडू शकतो.

बदल मात्र सावकाश करावा. सवय नसलेल्या पोटात एकदम कडधान्ये गेली, तर वायू धरतो. आठवड्यातून दोनदा नाचणीची भाकरी आणि एकदा मोड आलेल्या वालांचे बिरडे, एवढ्याने सुरुवात होऊ शकेल.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. वाढदिवसानिमित्त शाळेत केक आणि शीतपेये पाठवण्याऐवजी एखाद्या आठवड्याची नाचणी व वाल पाठवा, आणि त्या दिवशी मुलांच्या पंगतीत येऊन जेवा.