डोळे मागच्याला असतात

जेट स्कीच्या शर्यतीत दोन स्वार वळणावर एकमेकांवर आदळले की काठावरून ठरलेला निवाडा ऐकू येतो: शर्यत म्हटली की धक्का लागणारच, ज्याला तो सोसत नाही त्याने हौसेपुरती फेरी मारावी. हा विचार मोटारींच्या शर्यतींतून आला आहे आणि पाण्यावर तो साफ चुकीचा ठरतो. मोटारीच्या चालकाभोवती पोलादी पिंजरा असतो, पट्ट्यांनी तो आसनाला जखडलेला असतो. जेट स्कीवरचा स्वार उघडा असतो. हेल्मेट, लाइफ जॅकेट, पाठीचे कवच, एवढाच त्याचा आधार. आणि मागून येणारे बसक्या प्रकारचे यंत्र तीन-चारशे किलोंचे असते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८ मध्ये या यंत्रांच्या अपघातांचा अभ्यास केला. तो हौशी चालकांविषयीचा होता, शर्यतींविषयीचा नव्हता. तरी त्यातला एक निष्कर्ष शर्यतवाल्यांनीही मनावर घ्यावा असा आहे: हौशी जलवाहनांमध्ये हे एकच वाहन असे निघाले, की ज्यावर बुडून मरणाऱ्यांपेक्षा आदळून मरणारे जास्त होते. धक्क्याला खेळाचा भाग म्हणणाऱ्यांनी आधी याचे उत्तर द्यावे.

यावर दुसरा बचाव असा, की कसलेला स्वार शेवटच्या क्षणीही यंत्र आवरतो. कौशल्याचा मान ठेवूनही हे मान्य करता येत नाही, कारण आड येते ती यंत्राची रचना. जेट स्कीला सुकाणूचे पाते नसते. तळाशी पाणी ओढून घेणारा पंप आणि मागे ते जोराने फेकणारे नोझल, एवढ्यावर सगळे चालते. हँडल वळवले की नोझल वळते, फवाऱ्याची दिशा बदलते आणि यंत्र वळते. म्हणजे फवारा आहे तोवरच वळण आहे. समोर काही दिसताच घाबरून थ्रॉटल सोडणे ही माणसाची स्वाभाविक प्रतिक्रिया; पण थ्रॉटल सुटला की फवारा मरतो आणि हँडल कितीही फिरवले तरी यंत्र सरळच घसरत जाते, ज्याला चुकवायचे त्याच्याच अंगावर. ताशी शंभर किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे अठ्ठावीस मीटर पाणी मागे पडते. मागे टाकायचे की नाही, कोणत्या बाजूने आणि कुठे, हे त्यामुळे वळणाच्या बरेच आधी ठरलेले असावे लागते. बोयाजवळ पोचल्यावर मन बदलायची सोय हे यंत्र देत नाही.

काही नव्या बसक्या यंत्रांना ब्रेक आले आहेत, थ्रॉटल सोडल्यावरही थोडे वळण टिकवणाऱ्या युक्त्याही आल्या आहेत. सहलीला निघालेल्या कुटुंबासाठी ही मोठीच सोय आहे. पण उभ्याने चालवायच्या शर्यतीच्या यंत्रांचा स्वार अजूनही थ्रॉटल आणि स्वतःचा तोल यांवरच विसंबून असतो, आणि ब्रेक असला तरी पाण्यावरचे थांबणे डांबरावरच्या थांबण्यासारखे कधीच होत नाही.

मग पुढच्यानेच बाजूला व्हावे, असे कुणी म्हणेल. त्याने कशाच्या आधारावर व्हावे? त्याच्या पाठीला डोळे नाहीत, आरसा असला तरी तुषारांनी माखतो, इंजिनाच्या आवाजात मागचा आवाज ऐकू येत नाही. मागच्याला मात्र पुढचा दिसतो. म्हणून मागे टाकण्याची जबाबदारी मागच्याची. सागरी वाहतुकीने हे केव्हाच मान्य केले आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांतला तेरावा नियम सांगतो, की मागून येऊन पुढे जाणाऱ्या नौकेने पुढच्या नौकेच्या वाटेतून दूर राहावे. सतरावा नियम दुसऱ्या बाजूलाही बांधतो: जिला वाट मोकळी ठेवली जाते, तिने आपली दिशा आणि वेग कायम राखावा. हे नियम शर्यतीसाठी लिहिलेले नाहीत, पण त्यांमागचा न्याय तोच आहे. पुढच्याने आपली रेषा धरावी. मागच्याला अडवण्यासाठी सरळ पट्ट्यात नागमोडी जाणारा स्वारही तितकाच दोषी आहे.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. इतकी शिस्त लावली तर शर्यतीत राम उरणार नाही, असे जाणकारही म्हणतात. प्रत्यक्षात नीट मागे टाकणे हीच या खेळातली सर्वांत अवघड करामत आहे. पुढच्याच्या थेट मागे राहिले तर त्याच्या फवाऱ्याने दिसेनासे होते, शिवाय तिथले पाणी हवेने फेसाळलेले असते. पंपाला भरीव पाणी लागते. फेस ओढला की इंजिन नुसते ओरडते आणि जोर उतरतो. म्हणून जाणता स्वार बाजूचे स्वच्छ पाणी शोधतो, वळणात थोडा बाहेरून शिरतो आणि बाहेर पडताना आतल्या रेषेवर लवकर थ्रॉटल उघडतो. लाल बोयाला डावीकडे, पिवळ्याला उजवीकडे, अशा वळणांच्या मार्गात काही ठिकाणी दोन वाटा फुटतात, त्या यासाठीच कामी येतात. ॲरिझोनातल्या लेक हवासूची जागतिक स्पर्धा असो वा पटायाजवळच्या जोमतिएनची, पाहणाऱ्याला जागेवरून उठवते ती वाटेची ही निवड. दुसऱ्याला ढकलून मिळवलेल्या जागेत हे काहीच नसते.

उरला पंचांचा मुद्दा. लाल बावटा शर्यत थांबवतो, पिवळा पुढच्या धोक्याची खबर देतो. दोन्ही बहुतेक वेळा काहीतरी घडल्यानंतर वर जातात. पाण्यात पडलेल्या स्वाराचे फक्त हेल्मेट दिसते. मनगटाची दोरी सुटून त्याचे इंजिन बंद पडलेले असते, पण मागच्यांची इंजिने चालूच असतात. शर्यत सुरू करणारी रबरी पट्टी निसटल्यावर अख्खी रांग पहिल्या बोयाकडे धावते, तेव्हा तर कोणताही पंच वेळेवर पोचू शकत नाही.

जकार्ताच्या २०१८ च्या आशियाई स्पर्धांत जेट स्कीला पदकांचा मान मिळाला, तेव्हा हा खेळ आपल्याकडच्या तरुणांनाही खुणावणारच. कळंगुटला किंवा तारकर्लीला पर्यटकाला पाठीशी बसवून फेरी मारणारा पोरगा त्याच पंपावर, त्याच फवाऱ्यावर चालतो, आणि तिथे पाण्यात पोहणारेही असतात. त्याला शर्यतीत उतरायचे असेल, तर वेगाच्या आधी दोन गोष्टी घोटून घ्याव्यात: संकटात थ्रॉटल सोडण्याऐवजी तो बेताने धरून वळायचे, आणि धक्का लागलाच तर प्रथमदर्शनी दोष मागच्याचा. संयोजकांनीही दुसरी गोष्ट नियमपुस्तकात नुसती छापून थांबू नये. धक्का देऊन मिळवलेली जागा त्याच फेरीत परत घेतली जावी, मग तो स्वार कितीही नावाजलेला असो.